दात रोज घासतो, तरी बिघडतात का?

प्रश्न असा आहे: वय ३८, राहायला ठाण्यात, नोकरी ऐरोलीत. सकाळी उठल्यावर कोमट पाण्यात लिंबू-मध घेते, मग लगेच दात घासते, रात्रीही घासते. ब्रश 'हार्ड' लिहिलेला, कारण त्याशिवाय स्वच्छ वाटत नाही. तरी गार पाणी झोंबतं, डावीकडच्या वरच्या दातांना मुळाशी नख अडकेल अशा खाचा पडल्यात आणि थुंकीत रक्त दिसतं. सासूबाई मिश्री लावतात, मिस्टरांना जेवणानंतर सुपारी लागते, सहा वर्षांच्या मुलाची मागची दाढ काळी पडलीय. घरात दात घासायचं कुणीच चुकवत नाही. मग चुकतंय काय?

दात घासणं चुकवत नाही म्हणता, आणि घोळ तिथेच आहे. मेहनत कमी नाही, ती भलत्या जागी आणि भलत्या वेळी होतेय. दाताचं दर्शनी अंग हिरडीपासून लांब, गुळगुळीत आणि जिभेने-ओठाने आपोआप पुसलं जाणारं असतं. सगळा जोर तिथे लागतो. कीटण, म्हणजे जंतूंचा चिकट थर, साचतं हिरडीच्या काठाला आणि दोन दातांच्या फटीत, तिथे ब्रश पोचतच नाही. म्हणून एकाच तोंडात एकीकडे दात झिजतात आणि दुसरीकडे हिरडी सुजते.

आधी खाचेबद्दल. दातावरचं एनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, चावायच्या टोकाशी दोन-अडीच मिलिमीटर जाड असतं, पण मानेशी, म्हणजे दात जिथे हिरडीत शिरतो तिथे, पातळ होत होत संपतं. एनॅमलमध्ये जिवंत पेशी नसतात, त्यामुळे नखासारखं ते परत वाढत नाही. त्याच्या आत डेंटिन असतं, बरंच मऊ, आणि त्यात अतिशय बारीक नळ्या असतात. नळ्या उघड्या पडल्या की गार पाण्याने त्यांतला द्रव हलतो आणि कळ थेट नसेपर्यंत जाते. कडक ब्रशने आडवं, करवतीसारखं घासलं की आधी हिरडी मागे सरते, मुळाचा मऊ भाग उघडा पडतो आणि मग तिथे खाच कोरली जाते. डावीकडे जास्त आहे म्हणता, तर तुम्ही उजव्या हाताने घासत असणार. उजव्या हाताचा सगळ्यात मोठा फटका डाव्या सुळ्याला आणि त्यामागच्या उपदाढांना बसतो. मात्र प्रत्येक खाच ब्रशनेच पडते असं नाही. आम्ल आणि रात्री दात खाण्याची सवय या दोघांचाही त्यात हात असतो, म्हणून तपासणीत तिन्ही विचारून घ्यावं लागतं.

जोर जास्त लागतोय का, हे ओळखायला ब्रशकडेच बघा. महिन्याभरात त्याचे केस दोन्ही बाजूंना फाकले असतील तर तुम्ही दात घासत नाही, भांडी घासता. ब्रश मुठीत धरू नका. पेन धरतो तसा अंगठा आणि दोन बोटांत धरला की जोर आपोआप कमी होतो. ब्रश 'सॉफ्ट' किंवा 'एक्स्ट्रा सॉफ्ट' घ्या, डोकं लहान बघून. सवय झालेल्याला पहिले आठ दिवस मऊ ब्रशने काही होतंय असं वाटतच नाही. ते वाटणं खोटं आहे, कीटण मऊ साईसारखं असतं आणि मऊ केसांनीच निघतं. जे कडक झालंय ते कुठल्याच ब्रशने निघत नाही, त्याला डॉक्टरांचं यंत्र लागतं.

घासायची पद्धत अशी. ब्रशचे केस दात आणि हिरडी यांच्या सीमेवर साधारण ४५ अंशांत तिरके टेकवा, वरच्या दातांना टोकं वर, खालच्यांना खाली. अर्धे केस दातावर, अर्धे हिरडीवर. ब्रश जागचा न हलवता दहा-पंधरा वेळा थरथरवल्यासारखा बारीक हलवा, मग मनगट वळवून चावायच्या बाजूकडे पुसून घ्या. दोन-तीन दात झाले की पुढे सरका. बाहेरून झालं की आतून, शेवटी दाढांचे माथे. खालच्या पटाशीच्या दातांना आतून घासताना ब्रश उभा धरा. ही जागा हमखास राहते, आणि खडाही सगळ्यात आधी इथेच बसतो, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं जिभेखाली तिथेच उघडतात आणि लाळेतले क्षार कीटणावर बसून त्याचा दगड करतात. वरच्या दाढांची गालाकडची बाजू ही दुसरी तशीच जागा. एकूण दोन मिनिटं लागतात. घड्याळ लावून एकदा बघाच, बहुतेकांचं पाऊण मिनिटात उरकलेलं असतं.

पेस्ट वाटाण्याएवढी पुरे. जाहिरातीत ब्रशभर लाट काढतात ती पेस्ट खपावी म्हणून. फेस जास्त झाला की तोंड भरतं आणि माणूस लवकर थुंकून मोकळा होतो, एवढाच त्याचा परिणाम. ट्यूबवर फ्लोराइड किती पीपीएम आहे ते लिहिलेलं असतं. मोठ्यांसाठी १,००० च्या आसपास हवं. घासून झाल्यावर थुंका, पण पाण्याने खळखळून चुळा भरू नका. दाताला चिकटलेलं फ्लोराइड धुऊन टाकलं तर पेस्टचा निम्मा उपयोग मोरीत जातो. हे आपल्याकडे सगळ्यात अवघड जातं, चूळ भरल्याशिवाय तोंड धुतल्यासारखं वाटतच नाही. अगदीच राहवलं नाही तर एक छोटा घोट.

आयुर्वेदिक म्हणून खपणारी लाल मंजनं, राखुंडी, मीठ-तेल आणि हल्ली निघालेल्या कोळशाच्या काळ्या पेस्ट यांना एकाच रांगेत बसवतो. लाल मंजनात बहुधा गेरू असतो आणि बोटाने किंवा ब्रशने तो दातावर पॉलिश पेपरसारखा चालतो. पहिल्या महिन्यात दात चकचकीत दिसतात, कारण वरचे डाग निघालेले असतात. पुढे एनॅमल पातळ होऊन आतला पिवळा डेंटिन दिसू लागतो आणि माणूस आणखी जोरात मंजन लावतो. इथेच एक बाजूचा मुद्दा: यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडून नवी मुंबईत नोकरीला आलेल्या काही जणांच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी डाग असतात. ते लहानपणी प्यायलेल्या विहिरी-बोअरच्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडचे, एनॅमल घडतानाच आत बसलेले असतात. कितीही घासा, ते निघणार नाहीत, उगाच दात झिजतील. त्यावर वेगळे उपचार आहेत.

तुमच्या खाचांचं काय करायचं? फार खोल नसतील तर आधी ब्रश आणि पद्धत बदला आणि संवेदनशील दातांची पेस्ट सुरू करा. पोटॅशियम नायट्रेट असलेल्या पेस्टला गुण दाखवायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून सोडून देऊ नका. खोल खाचा दातांच्या रंगाच्या मटेरियलने भरता येतात. पण हार्ड ब्रश तसाच ठेवून भरून घेतल्या तर भरलेला तुकडा वर्षा-दोन वर्षांत निघून पडतो आणि दोष डॉक्टरांच्या माथी.

आता रक्त. हिरडीतून रक्त आलं की बहुतेक जण त्या जागेवर ब्रश लावायचं बंद करतात. हे अगदी उलटं आहे. रक्त येतं कारण तिथे कीटण राहिलंय आणि हिरडी सुजलीय. जिथे रक्त येतं तिथेच मऊ ब्रशने, हलक्या हाताने, पण नेमाने घासायचं. १९६५ साली डेन्मार्कमध्ये निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना दात घासणं थांबवायला सांगून एक प्रयोग झाला. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा स्वच्छता सुरू केल्यावर साधारण आठवड्यात पूर्ववत झाल्या. म्हणजे नुसत्या सुजेच्या टप्प्यावर हिरडी पूर्ण बरी होते. दोन आठवडे नीट घासूनही रक्त थांबत नसेल तर आत खडा आहे असं समजा. तो काढल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण यानंतरच्या टप्प्यात दाताभोवतीचं हाड झिजायला लागतं आणि ते परत येत नाही. मधुमेह असेल तर हे सगळं जास्त वेगाने घडतं, आणि हिरड्यांचा संसर्ग साखरही वर ठेवतो. रक्त येतं पण दुखत नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं थांबतात. हिरडीचा आजार सहसा दुखत नाही, दात हलायला लागला की कळतं.

फटींसाठी ब्रश पुरत नाही, तिथे दोरा म्हणजे फ्लॉस लागतो. हातभर, साधारण ४५ सेंटिमीटर तोडा, दोन्ही मधल्या बोटांना गुंडाळा आणि मध्ये दोन-तीन सेंटिमीटर ताणून धरा. फटीत करवतीसारखं पुढेमागे हळूच आत सोडा, दाणकन दाबू नका, हिरडी कापते. आत गेल्यावर एका दाताला अर्धचंद्रासारखं वळवून वर-खाली दोन-तीनदा पुसा, मग त्याच फटीत शेजारच्या दाताला तसंच. दिवसातून एकदा, रात्री घासण्याआधी. फटी मोठ्या असतील तर दोऱ्यापेक्षा दोन दातांमधला बारीक ब्रश चांगला. तो जोर न लावता जाईल त्या मापाचाच घ्यायचा. पहिले चार-पाच दिवस दोऱ्याला रक्त लागेल, घाबरू नका.

आणि टाचणी, सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी, तिकिटाची घडी, कानातल्याची तार ही दातकोरणी म्हणून वापरायची नाहीत. त्यांनी फट रुंद होते, मधल्या हिरडीचा त्रिकोण खाली बसतो आणि मग अन्न जास्तच अडकतं. एक खूण लक्षात ठेवा: मटणाचा किंवा पालेभाजीचा धागा दरवेळी एकाच फटीत अडकत असेल तर तो योगायोग नसतो. तिथे दोन दातांचा संपर्क सुटलेला असतो, बहुधा आतून कीड लागल्यामुळे किंवा जुनं भरलेलं सिमेंट तुटल्यामुळे. कोरत बसू नका, ती फट दाखवून घ्या.

लिंबू-मध-पाण्याकडे येऊ. कैरी किंवा चिंच खाल्ल्यावर दात आंबतात, आजी म्हणायची ना? दात आंबणं म्हणजे एनॅमलचा वरचा थर आम्लाने मऊ पडलाय हे तोंडालाच जाणवणं. साडेपाच या सामूच्या, म्हणजे पीएचच्या खाली तोंड गेलं की एनॅमलमधले क्षार विरघळू लागतात. लिंबाच्या रसाचा सामू दोन ते अडीच असतो, आणि सामू एकाने कमी होणं म्हणजे आम्लता दहापट. ग्लासभर पाण्यात अर्धं लिंबू पिळलं तरी ते साडेपाचच्या बरंच खाली राहतं. त्यात तुम्ही ते प्यायल्याबरोबर, मऊ पडलेल्या दातावर, हार्ड ब्रश फिरवता. झिजवायचंच ठरवलं असतं तरी याहून चांगला क्रम सापडला नसता. लाळेला दात पुन्हा कडक करायला निदान अर्धा तास, शक्य असेल तर तासभर द्या. क्रम उलटा करा: उठल्यावर आधी घासा, मग जे प्यायचं ते. खरं तर आपल्याकडची तोंड धुऊन मगच चहा ही रीत दातांच्या दृष्टीने योग्यच आहे. लिंबूपाणी सोडायचं नसेल तर एका दमात प्या, तोंडात घोळवू नका आणि नंतर साध्या पाण्याने चूळ भरा. मधात साधारण चार पंचमांश साखरच असते हेही धरून चाला.

हाच नियम कोल्ड्रिंक, जलजिरा, कोकम सरबत, व्हिनेगर आणि 'व्हिटॅमिन सी'च्या चघळायच्या गोळ्यांना लागू. उलटी झाल्यावर किंवा घशाशी आंबट पाणी आल्यावरही लगेच ब्रश नको. ग्लासभर पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा टाकून चूळ भरा. वरच्या पटाशीच्या दातांची टाळ्याकडची बाजू गुळगुळीत, पारदर्शक होत गेली असेल तर कारण बहुतेक वेळा पोटात असतं, आणि दंतवैद्याइतकंच पोटाच्या डॉक्टरांना दाखवायला हवं.

झीज आणि कीड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झिजेचं आम्ल बाहेरून येतं, किडीचं आम्ल कीटणातले जंतू साखरेपासून बनवतात. कीड लागण्यात साखर किती खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचं, आणि ऑफिसला जाणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं. गोड घोट पोटात गेल्यावर पाच-दहा मिनिटांत कीटणाचा सामू साडेपाचखाली जातो आणि परत वर यायला अर्धा ते एक तास लागतो. सकाळी घरी चहा, ऐरोलीला उतरल्यावर टपरीवर कटिंग, अकराला मशीनचा चहा आणि दोन बिस्किटं, जेवणानंतर चॉकलेट, चारला पुन्हा चहा, घरी आल्यावर सहावा. सहा वेळा, प्रत्येकी सरासरी चाळीस मिनिटं धरली तर चार तास दात आम्लात उभे. हेच सगळं गोड दोन जेवणांना जोडून खाल्लं असतं तर निम्म्याच्याही खाली आलं असतं. चहा पाच मिनिटांत संपवा. डेस्कवर मग ठेवून तासभर घोट घोट पिणं सगळ्यात वाईट, मग त्यात चहा असो, कोल्ड कॉफी असो की रात्रपाळीला झोप उडवायला घेतलेलं एनर्जी ड्रिंक. बिनसाखरेचा चहा दातांना किडवत नाही, फार तर डाग पाडतो.

बिस्किटाबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण त्याला कुणी गोड मानत नाही. चहात बुडवलेलं बिस्किट, खारी, टोस्ट यांचा लगदा दाढेच्या खाचांत बसतो आणि पेढ्यापेक्षा जास्त वेळ टिकतो. कुरमुरे, वेफर, फरसाण यांतला स्टार्चही लाळेने साखरेत बदलतो. मधल्या वेळी चावायला काही हवंच असेल तर शेंगदाणे, फुटाणे, काकडी. जेवणानंतर साधी भाजलेली बडीशेप चालेल, रंगीत साखरेचं कवच असलेली नाही. रात्रपाळी करणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट पाळा: झोपण्याआधीचं घासणं म्हणजे तुमच्या झोपण्याआधीचं, मग ते सकाळी आठला का असेना. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, दातांचा पहारेकरी तेव्हा नसतो. तोंड उघडं ठेवून एसीत झोपणाऱ्यांना आणि सर्दीच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांना तोंड आणखी कोरडं पडतं. त्यांनी पाण्याची बाटली जवळ ठेवावी, सरबताची नाही.

सासूबाईंची मिश्री. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटली की मिश्री होते. ते दंतमंजन नाही, तंबाखूच आहे. पेस्ट आणि मंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ मध्येच बंदी केली, पण मिश्री तंबाखू म्हणूनच विकली जाते, त्यामुळे सुटते. तिने दात स्वच्छ होत नाहीत. ठणका कमी वाटतो तो निकोटिनमुळे. पोट साफ होतं तेही निकोटिनने आतड्याला दिलेल्या चिमट्याने, म्हणून मिश्री सोडली की आठवडाभर पोट बिघडतं आणि बायका परत लावतात. हे आधीच सांगून ठेवलं तर सोडणं सोपं जातं. त्या आठवड्यात सकाळी कोमट पाणी, रात्री इसबगोल असा आधार द्या. दिवसात चार-पाच वेळा लावत असतील तर आधी दुपारची आणि रात्रीची बंद, सकाळची शेवटी. मिश्रीच्या जागी बोटाने पेस्ट लावायला दिली तर हाताची सवय मोडायला मदत होते. ओरडून कुणी मिश्री सोडत नाही, लपवून लावतात एवढंच. घरात कुणी गरोदर असेल तर तिला मात्र एकदाही नको. मिश्री लावणाऱ्या आयांची बाळं कमी वजनाची होतात.

आणखी एक फसवी गोष्ट: तंबाखू, विशेषतः सिगारेट-विडी घेणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि आजार झाकला जातो. सोडल्यावर काही आठवड्यांत हिरड्यांतून रक्त दिसू लागतं आणि माणूस म्हणतो, सोडल्यानेच बिघडलं. बिघडलेलं आधीच होतं.

मिस्टरांच्या सुपारीकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. तंबाखू नाही, नुसती सुपारी आहे, हा दिलासा खोटा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात सुपारीला, तंबाखूशिवायही, कर्करोग करणारा पदार्थ ठरवलं. राज्यात गुटखा आणि पानमसाल्यावर २०१२ पासून बंदी आहे, साध्या सुपारीवर नाही. गोड, सुगंधी सुपारीच्या पुड्या लहान मुलांच्याही हाती पडतात. सुपारीतल्या द्रव्यांमुळे गालाच्या आतल्या नरम अस्तराखाली तंतू वाढत जातात, गाल कडक आणि पांढुरका होतो आणि तोंड उघडेनासं होतं. सुरुवातीची लक्षणं दातांत नसतात. पूर्वी चालणारी मिसळीची तर्री आता झोंबते, पाणीपुरी अख्खी तोंडात जात नाही, शिट्टी वाजवता येत नाही. घरच्या घरी चाचणी करा: स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. दोनच गेली तर डॉक्टरांकडे जा. कडक झालेला भाग पूर्ववत होत नाही, पण सुपारी थांबवली तर पुढे सरकणं रोखता येतं, म्हणून उशीर महाग पडतो. सोडायला मदत लागली तर १८००-११-२३५६ ही केंद्र सरकारची मोफत तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे. सासूबाईंसाठीही तोच नंबर.

दोघांच्याही तोंडात महिन्यातून एकदा बॅटरीच्या उजेडात बघत जा: गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखाली, मिश्री किंवा सुपारी धरायची जागा. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर मलम लावत बसू नका. टोचणाऱ्या दाताने झालेली असेल असं समजून लोक सहा-सहा महिने काढतात. दाताने झालेली असेल तर डॉक्टरांनी दाताची टोचणारी कड बोथट केल्यावर दोन आठवड्यांत भरली पाहिजे. नाही भरली तर तुकडा काढून तपासायचा.

मुलाची काळी दाढ दुधाची आहे असं धरून चालू नका. मधल्या रेषेपासून मागे मोजा. दुधाचे दात प्रत्येक बाजूला पाचच असतात. सहावा दिसला तर ती पक्की दाढ आहे, जन्मभराची. सहाव्या वर्षाच्या आसपास ती दुधाच्या दाढांच्या मागे, कुठलाही दात न पडता गुपचूप येते, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. तिच्या माथ्यावर खोल खाचा असतात आणि ब्रश तिथवर जात नाही. ती चांगली असेल तर खाचा सीलंटने, म्हणजे पातळ लेपाने, बुजवून घेता येतात. किडली असेल तर या महिन्यात भरून घ्या. पाचवी असेल तरी दुधाची आहे, पडणारच, म्हणून सोडू नका. दुधाची मागची दाढ दहा-बारा वर्षांपर्यंत लागते, आणि ती लवकर काढली तर सहावी पुढे सरकून खालून येणाऱ्या दाताची जागा खाते. सात-आठ वर्षांपर्यंत रात्रीचं घासणं आईबाबांनी करायचं. मुलाला आरशासमोर उभं करा, तुम्ही मागे उभ्या राहा, त्याचं डोकं तुमच्या पोटाला टेकवा, एका हाताने गाल बाजूला करा. वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. तीन वर्षांखाली असता तर तांदळाच्या दाण्याएवढी. घासल्यानंतर बोर्नव्हिटाचं दूध नाही आणि खोकल्याचं गोड औषध दिलं तर पाण्याने चूळ.

किरकोळ म्हणून सोडून दिलेल्या सवयी झटपट. दाताने बाटलीचं बूच, दुधाची पिशवी, वायरचं आवरण, शिवणाचा दोरा, नखं: एक दिवस टवका उडतो, तेही नेमका पुढच्या दाताचा. बर्फ, कडक चिक्की, नळीचं हाड यांनी दाढेला चीर जाते. चावताना नव्हे तर दाब सोडताना चमकून कळ येत असेल तर चीर समजा आणि त्या बाजूने खाणं थांबवा. दुखऱ्या दाताशेजारी वेदनेची गोळी धरून ठेवू नका, हिरडी भाजते. गोळी गिळायची असते. लवंगेचं तेल कापसाला एक थेंब, फक्त दाताच्या खळग्यात, हिरडीला लागता कामा नये. गाल सुजल्यावर बाहेरून शेकू नका. क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश दोन आठवड्यांपेक्षा जास्त स्वतःच्या मनाने नको, चहा पिणाऱ्यांचे दात तपकिरी होतात, आणि ते पेस्टनंतर निदान अर्ध्या तासाने. जिभली हलक्या हाताने, ओकारी काढल्याशिवाय जीभ साफ होत नाही हा निव्वळ गैरसमज. पावसाळ्यात ब्रशवर टोपण लावू नका, इथल्या दमट हवेत तो वाळतच नाही. उघडा, उभा, खिडकीजवळ ठेवा. तीन महिन्यांनी बदला.

दंतवैद्याकडे जाताना चालू औषधांची चिठ्ठी घेऊन जा. रक्तदाबाची अम्लोडिपिन आणि फिट्सची फेनिटोइन या गोळ्यांनी काहींच्या हिरड्या दातांवर चढतात. कितीही घासलं तरी सूज उतरत नाही, आणि औषध बदलायचा निर्णय तुमच्या फिजिशियनशी बोलूनच होतो. मनाने गोळी थांबवायची नाही. खर्चाची अडचण असेल तर नेरुळ, खारघर, कामोठे इथल्या डेंटल कॉलेजांच्या ओपीडीत खडा काढणं, दात भरणं खासगी दवाखान्यापेक्षा स्वस्तात होतं, फक्त वेळ जास्त काढून जा.

तुमच्यासाठी पहिली पायरी खडा काढणं, म्हणजे स्केलिंग. त्याने दात हलतात ही भीती ठाणे-मुंबईत शिकल्या-सवरल्या घरांतही आहे. होतं असं की हाड आधीच झिजलेलं असतं आणि खड्याने दात एकमेकांना सिमेंटसारखे धरून ठेवलेले असतात. खडा निघाला की खरी स्थिती दिसते, फटीही मोकळ्या दिसतात. जास्त थांबलात तर जास्त हलणार. स्केलिंगनंतर सूज उतरून हिरडी थोडी मागे सरकते, म्हणून चार-आठ दिवस गार पाणी आत्तापेक्षा जास्त झोंबेल. तेवढे दिवस कोमट पाणी, मऊ ब्रश आणि संवेदनशील दातांची पेस्ट. पंधरा दिवसांनंतरही एकाच दाताला कळ येत असेल तर तो दात वेगळा तपासून घ्या.